स्त्रीरोगतज्ज्ञांशी मनाच्या तब्येतीबद्दल कसं बोलावं? अनुभव धागा, नाशिक

पाळी, गरोदरपण, बाळंतपण, पाळी जाणं. या प्रत्येक टप्प्यावर मन बिघडू शकतं आणि तेव्हा बाईच्या समोर असतात त्या बहुधा स्त्रीरोगतज्ज्ञच. पण तपासणीच्या पाच मिनिटांत हे बोलायचं कसं? जे या कामात आहेत त्यांनी नेमकं लिहा. शहरातलं, तालुक्याचं, सगळं चालेल.

ओपीडी सिस्टर, नाशिक रोड
वजन-बीपी घेताना पेशंट आमच्याजवळ एकटी असते. तेव्हाच हळूच सांगा, "मॅडमशी एकटीला बोलायचंय." पुढचं आम्ही बघतो. "आता तपासायचंय, तुम्ही जरा बाहेर थांबा," असं सिस्टरनं म्हटलं की सासूबाईंना वाईट वाटत नाही आणि नवराही मुकाट उठतो. हेच पेशंटनं म्हटलं तर घरी गेल्यावर प्रश्न सुरू होतात.
बहुतेक जणी ही गोष्ट अगदी शेवटी, दाराशी पोचल्यावर काढतात. तोवर पुढच्या नंबरची आत आलेली असते. खुर्चीवर बसल्या बसल्या पहिलं वाक्य हेच असू द्या. पोटदुखी, पांढरं जाणं मागाहून.

समुपदेशक, कॉलेज रोड
सिस्टरताईंच्या मुद्द्याला जोडून. "कसंतरीच होतं", "टेन्शन आहे" एवढंच सांगितलं तर केसपेपरवर अशक्तपणा लिहिला जातो आणि लोहाच्या गोळ्या मिळतात. तीन गोष्टी सांगा: कधीपासून, आठवड्यातले किती दिवस, आणि काय करणं थांबलंय. उदाहरणार्थ, "तीन आठवडे झाले, जवळजवळ रोज रडू येतं, बाळ झोपलं तरी मला झोप लागत नाही, जेवण जात नाही." यातला झोपेचा तुकडा गाळू नका. बाळ उठवतं म्हणून झोपमोड होणं वेगळं आणि निवांत वेळ मिळूनही डोळा न लागणं वेगळं.
एडिनबरा प्रश्नावली (बाळंतपणाच्या काळातलं नैराश्य ओळखायची) मागू शकता. 10 प्रश्न, मागच्या 7 दिवसांबद्दल, एकूण गुण 30. साधारण 13 किंवा जास्त आले तर नीट तपासणी हवी. काही डॉक्टर 10 पासूनच लक्ष घालतात. ही चाळणी आहे, निदान नव्हे. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथे "कधीच नाही" सोडून दुसरं उत्तर असेल, तर बेरीज कितीही कमी येवो, त्याच दिवशी बोलायला हवं.

स्त्रीरोगतज्ज्ञ, पंचवटी
बाळंतपणानंतर दोन-तीन दिवसांनी येणारं रडू, चिडचिड बहुतेकींना होते आणि दोन आठवड्यांत ओसरते. दोन आठवड्यांपुढे टिकलं तर ते नैराश्य असू शकतं. "पहिलटकरीण आहे, होतं असं" म्हणून सोडू नये. बाळंतीण रात्ररात्र जागी, बडबड वाढलेली, भलतेच संशय, कुणाचे तरी आवाज ऐकू येतायत, तर थांबायचंच नाही. हजारात एखाद-दुसरीलाच होतं, पण त्याच दिवशी दवाखान्यात आणा आणि तोवर तिला व बाळाला एकटं ठेवू नका.
आम्ही हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी-12 बघतो. बाळंतपणानंतर काहींच्या थायरॉइडला सूज येते, त्यात धडधड, चिडचिड किंवा उलट मरगळ दिसते. पण रिपोर्ट नॉर्मल आले म्हणजे त्रास खोटा, असं नाही.
औषधांची एक कळकळीची विनंती: मनाच्या गोळ्या चालू असतील तर पाकीटच घेऊन या. दिवस राहिल्याचं कळताच त्या परस्पर बंद केल्या की आजार उलटू शकतो. व्हॅलप्रोएट (फिट आणि मूडच्या आजारांवरचं औषध) असेल तर ते मूल हवं असं ठरवायच्या आधीच, आणि तेही डॉक्टरांकडूनच, बदलून घ्यावं लागतं, कारण बाळात व्यंगाचा धोका असतो. अंगावर पाजताना गोळ्या चालतच नाहीत, हा समज चुकीचा. सर्ट्रालिन ही नैराश्यावरची गोळी दुधात फार कमी उतरते.

आशा गटप्रवर्तक, पेठ
आमच्याकडे खरी अडचण माहेर-सासरची. तपासण्या सासरी, बाळंतपण माहेरी, आणि सव्वा महिन्यानं परत. दोन्हीकडच्या डॉक्टरांना वाटतं, दुसऱ्यांनी विचारलं असेल. म्हणून फाइल सोबत न्या.
दवाखान्यात बाळंत झालेलीकडे आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी येते. तिच्या हातातल्या फॉर्मवर मुख्यतः बाळाचं वजन, ताप, दूध असतं, त्यामुळे आईनं आपणहून बोलावं लागतं. दीड महिन्याच्या लसीचा दिवसही चांगला. त्या दिवशी बाहेर पडायला घरातून कुणी अडवत नाही.

समुपदेशक, कॉलेज रोड
पाळीआधी मन फार बिघडत असेल तर सलग दोन पाळ्यांची रोजची नोंद न्या. आदल्या आठवड्यात त्रास आणि पाळी सुरू झाल्यावर काही दिवसांत सुटका, हा नमुना कागदावर दिसला तरच निदान होतं. पीसीओएस (हार्मोन बिघडून पाळी अनियमित होण्याचा त्रास) असेल तर चिंता-नैराश्याची विचारणा व्हायलाच हवी, 2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत तसं आहे.

सिव्हिलमधल्या एक ताई
पुढे कुठे, म्हणाल तर मॅडमकडून चिठ्ठी घ्या. किती महिने, पाजतेय का, चालू गोळ्या, रिपोर्ट एवढं त्यावर हवं. सिव्हिलला केसपेपर काढून मनोविकार विभाग विचारा. रात्री-अपरात्री टेलि-मानस ही सरकारी हेल्पलाइन, 14416, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. भरती व्हायची वेळ आली तर 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार तीन वर्षांखालचं मूल सहसा आईपासून वेगळं करत नाहीत. बाळ काढून घेतील या भीतीनं गप्प बसणाऱ्या बाळंतिणीला आधी हे सांगा.