एमडीआर टीबीच्या गोळ्या मध्येच सोडल्यात, आता काय?

गोवंडीची_वहिनी:
धाकट्या दिराला एमडीआर आहे, म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद न देणारा टीबी, गोळ्यांचा सातवा महिना चालू. परवा गादी उन्हात टाकायला उचलली तर खाली गोळ्यांचा ढीग!! महिनाभर घेतच नव्हता आणि आम्हाला पत्ता नाही. विचारलं तर म्हणतो वहिनी खोकला गेला, वजन वाढलं, मग कशाला. असं का करतात? आणि आता परत पहिल्यापासून का?

जुना_पेशंट:
ताई मी २०१६ ते १८ कोर्स केलाय, तेव्हा २४ महिने आणि सुरुवातीला कानामायसिनची इंजेक्शनं, त्यामुळे डाव्या कानाने अजून नीट ऐकू येत नाही. आता इंजेक्शनं गेली पण गोळ्या आहेतच. खोकला दोन-तीन महिन्यांत थांबतो, मग आजार राहतो बाजूला आणि गोळीच वैरीण वाटायला लागते. ओरडू नका, नक्की काय होतंय ते विचारा. लिनेझोलिडने पायाला मुंग्या येतात, सायक्लोसेरिनने डोकं फिरतं, क्लोफाझिमिनने माणूस काळा पडतो. माझ्यासोबतच्या एका पोराने नुसतं काळं पडल्यामुळे सोडलं, लग्न जमत होतं त्याचं.

टीबी_व्हिजिटर:
महिनाभर खाडा म्हणजे आमच्या रजिस्टरला तो 'लॉस्ट टू फॉलोअप', म्हणजे उपचार मध्येच सुटलेला. उरलेल्या गोळ्या घरीच परत सुरू करू नका, उद्याच सेंटरला न्या. थुंकी परत तपासतील, कल्चर लावतील (जंतू वाढवून बघतात), कारण अर्धवट औषधात जे जंतू वाचतात ते आणखी निगरगट्ट होतात. लेवोफ्लॉक्सासिन हे औषधपण चालेनासं झालं की प्री-एक्सडीआर, म्हणजे एमडीआरच्या पुढची पायरी. आणि घरात कोणाला त्याच्याकडून लागण झाली तर ती सुरुवातीपासूनच रेझिस्टंट असते, पोरांचीपण तपासणी करून घ्या. बीपाम नावाचा ६ महिन्यांचा कोर्स २०२४ ला केंद्राने मंजूर केलाय, पण त्याला तो चालेल का ते डॉक्टरच ठरवणार.

नाक्यावरचा:
सगळे पेशंटलाच धरतात. २०२३ ला सायक्लोसेरिनचा तुटवडा होता तेव्हा कोणी सोडली होती ट्रीटमेंट? सरकार पेशंटला खाण्यासाठी महिन्याला देतं ते निक्षयचे ५०० चे १००० झाले, बरं झालं, पण सेंटरला जायचं म्हणजे रोजंदारीवाल्याचा एक खाडा तिथेच.

गोवंडीची_वहिनी:
विचारलं. पायच निघाले. रात्री तळवे जळतात म्हणून पाय ओल्या फडक्यात गुंडाळून झोपायचा, मला वाटायचं उकडतंय. उद्या सकाळी घेऊन जातेय, गोळ्यांची पिशवीपण सोबत.