मदत हवी आहे : ब्रिज खेळणाऱ्यांना दिवाळीची भेट काय द्यावी?

परभणीची_सून :
नमस्कार. ब्रिज खेळणाऱ्यांना दिवाळीनिमित्त काय भेट द्यावी, हे कृपया लवकर सुचवावे. बदाम सात आणि मेंढीकोट यांपलीकडे पत्त्यांतले मला काही कळत नाही. मिठाई, सुकामेवा, शाल आणि भिंतीवरचे घड्याळ हे सर्व मागील वर्षांत देऊन झाले आहे. वस्तू पाडव्यापूर्वी हातात पडायला हवी आणि बाहेरून मागवायची झाल्यास चार-सहा दिवस त्यातच जातील, म्हणून घाई आहे.

गोदाकाठचा_भिडू (नांदेड) :
भेट एका व्यक्तीला द्यायची आहे की अनेकांना? ती मंडळी घरी चौघांत खेळतात की क्लबात अनेक टेबले मांडून? खर्चाची मर्यादा किती? एवढे कळल्याशिवाय नेमके सांगणे कठीण आहे. तरीही एक वस्तू कधी वाया जात नाही, ती म्हणजे पत्त्यांचे दोन चांगले कॅट, एक लाल पाठीचा आणि एक निळ्या पाठीचा. एक जण पत्ते वाटत असताना त्याच्या समोरचा भिडू दुसरा कॅट पिसून ठेवतो, त्यामुळे पुढच्या डावाला खोळंबा होत नाही. दोन्ही कॅट एकाच रंगाचे असले तर ते एकमेकांत मिसळतात आणि खेळ बाजूला राहून निवडानिवड सुरू होते.

इस्पिकची_राणी (छत्रपती संभाजीनगर) :
कॅट कोणीही देईल. मी क्लबात गेली अनेक वर्षे खेळते, त्या अनुभवावरून सांगते की बोलीच्या पेट्या द्याव्यात. हुकूम कोणता आणि आपण किती हात करू, हे खेळ सुरू होण्यापूर्वी जाहीर करणे म्हणजे बोली. खेळाडूच्या हाताशी एक पेटी असते आणि तिच्यात एकपासून सातपर्यंतच्या, किलवर, चौकट, बदाम, इस्पिक व बिनहुकूम अशा पाच प्रकारच्या मिळून 35 बोलींची कार्डे असतात. त्यांशिवाय पास, डबल आणि रिडबल यांचीही कार्डे असतात. बोली तोंडाने न बोलता कार्ड टेबलावर ठेवायचे असते, त्यामुळे आवाजाच्या चढउतारावरून भिडूला इशारा जात नाही. जोडीला डुप्लिकेटचे बोर्डही द्यावेत. त्यांत चार कप्पे असतात आणि एका टेबलावर चौघांना वाटलेले पत्ते जसेच्या तसे दुसऱ्या टेबलावर नेता येतात, म्हणजे कोणाला चांगले पत्ते आले याला महत्त्व न उरता त्याच पत्त्यांवर कोण अधिक चांगले खेळले, एवढेच मोजले जाते.

गोदाकाठचा_भिडू :
राणीताई, त्या मंडळींचे एकच टेबल असेल तर बोर्डांचे काय करायचे? तुलना करायची तर निदान दोन टेबले, म्हणजे आठ खेळाडू लागतात. चौघांच्या घरी ते बोर्ड माळ्यावर जातील, आणि घरगुती खेळात आवाजाच्या इशाऱ्याची एवढी धास्ती कोण घेतो?

इस्पिकची_राणी :
आपण घेत नसाल, मी घेते.

लातूरकर_कलाप्रेमी :
मला ब्रिज येत नाही, परंतु पत्त्यांचाच विषय आहे म्हणून सुचवतो. सावंतवाडीची गंजिफा द्यावी. दशावतारी गंजिफेत प्रत्येक अवताराचे 12 याप्रमाणे एकूण 120 गोल पत्ते असतात आणि ते हाताने रंगवलेले असतात. पाहुण्यांनी पाहत राहावे अशी ही वस्तू आहे.

गोदाकाठचा_भिडू :
वस्तू सुंदर आहे, यात शंका नाही. परंतु ब्रिजला 52 पत्ते लागतात आणि तेरा पत्ते हातात पंख्यासारखे धरावे लागतात. ही गंजिफा कपाटात राहील आणि ब्रिज जुन्या, कडा झिजलेल्या पत्त्यांवरच चालू राहील.

सरळमार्गी (बीड) :
लक्ष्मीपूजनाच्या रात्री आमच्याकडे तीनपत्तीपायी दोन भावांत वर्षभर अबोला झाला होता. सणाच्या दिवशी पत्ते भेट देऊन आपण घरात जुगाराला आमंत्रण देत नाही का, याचा विचार व्हावा. त्यापेक्षा आमच्याकडची सीताफळे द्या.

इस्पिकची_राणी :
तीनपत्तीचे पाप ब्रिजच्या माथी मारू नये. सर्वोच्च न्यायालयाने 1967 साली रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचे म्हटले, तेव्हा रमीतला योगायोग ब्रिजमधल्या पत्तेवाटपासारखाच असतो, अशी तुलना केली होती. 2018 साली जकार्ता येथे झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत ब्रिजचा समावेश होता आणि पुरुषांच्या जोड्यांमध्ये प्रणब बर्धन व शिबनाथ सरकार यांनी भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. त्या वेळी बर्धन यांचे वय 60 होते. सीताफळे मात्र मलाही आवडतात.

परभणीची_सून :
सर्वांचे आभार. ब्रिज म्हटले की चौघे असणारच, असे वाटल्याने मी ते लिहिले नव्हते. भेट माझे सासरे आणि त्यांचे तीन मित्र यांना द्यायची आहे. चौघेही सत्तरीपुढचे असून नोकरीतून निवृत्त झालेले आहेत आणि रोज दुपारी चार ते सात आमच्याच ओसरीवर खेळतात. चौघांना मिळून तीन हजारांपर्यंत खर्च करता येईल. भेट अशी असावी की गोंगाट वाढणार नाही, कारण त्यांतल्या एका काकांना कमी ऐकू येते आणि 'तीन बदाम, तीन बदाम' ही ओरड पार गल्लीच्या टोकापर्यंत जाते. मुलांचा अभ्यास त्याच वेळी असतो. दुसऱ्या काकांचा डावा हात अर्धांगवायूनंतर अधू झाला आहे, त्यामुळे त्यांचे पत्ते वारंवार खाली पडतात आणि ते उचलून द्यायला मलाच बोलावले जाते. परवा तर पडलेले पत्ते सर्वांना दिसले म्हणून पूर्ण डाव रद्द झाला आणि अर्धा तास वाद चालला.

गोदाकाठचा_भिडू :
हे पहिल्याच वेळी सांगायला हवे होते. मी माझे म्हणणे मागे घेतो. ज्यांना कमी ऐकू येते त्यांना बोलीच्या पेटीइतका उपयोग दुसऱ्या कशाचा होणार नाही, कारण संपूर्ण बोली कार्डांच्या रूपाने डोळ्यांसमोर मांडलेली राहते आणि 'काय म्हणालात?' असे विचारावेच लागत नाही. चार पेट्यांचा एक संच पुरेसा आहे. बोर्ड मात्र घेऊ नयेत, या मतावर मी ठाम आहे.

इस्पिकची_राणी :
पेट्यांचे मी आधीच सांगितले होते, याची नोंद घ्यावी. पत्ते मागवताना मोठ्या अंकांचे मागवावेत, कारण सत्तरीनंतर मंद उजेडात इस्पिक आणि किलवर यांत गल्लत होते. रुंदीही तपासून घ्यावी. पोकरचे पत्ते सुमारे 63 मिलिमीटर रुंद असतात आणि ब्रिजचे सुमारे 57, आणि तेरा पत्ते एकत्र धरताना हा फरक हाताला जाणवतो. मला एका विक्रेत्याने ब्रिजचे म्हणून पोकरचे पत्ते पाठवले होते आणि ते परत करण्यात पंधरवडा गेला.

जालन्याचा_गुलाम :
या सर्वांपेक्षा प्रत्येकाच्या मोबाईलवर ब्रिज घालून द्यावे. वाटणे, पिसणे, गुण मांडणे काहीच करावे लागत नाही आणि आवाजही होत नाही.

परभणीची_सून :
ते चौघे एकमेकांच्या चुका काढण्यासाठीच एकत्र बसतात, त्यामुळे मोबाईल चालणार नाही. हात अधू असलेल्या काकांसाठी काही उपाय आहे का?

गोदाकाठचा_भिडू :
पत्ते उभे धरून ठेवणारी लाकडी पट्टी बाजारात मिळते, परंतु आपल्याकडचा कोणताही सुतार ती एका दुपारी करून देईल. तेरा पत्ते एकावर एक सरकवून लावले आणि प्रत्येकाचा दोन सेंटिमीटर भाग दिसू दिला, तर बारा पत्त्यांचे 24 आणि शेवटच्या संपूर्ण पत्त्याचे जवळपास 6, म्हणजे 30 सेंटिमीटरची खाच लागते. पट्टी 35 सेंटिमीटरची, वजनदार सागवानाची घ्यावी, नाहीतर पत्ता ओढताना तीच सरकते. खाच तीन मिलिमीटर रुंद आणि एक सेंटिमीटर खोल पुरे. सुताराला एक जुना पत्ता नेऊन द्यावा.

इस्पिकची_राणी :
पट्टीखाली जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवावा, म्हणजे लाकूड हलके असले तरी चालेल.

गोदाकाठचा_भिडू :
वजनदार लाकडाला ट्यूबची गरज पडत नाही.

परभणीची_सून :
उशिरा लिहीत आहे, क्षमस्व. पट्टी तयार झाली. भेट म्हणून झाकून ठेवायची होती, परंतु सासऱ्यांनी पाहिली आणि लगेच पत्ते लावून तपासली. सुताराने खाच अगदी सरळ, उभी पाडली होती, त्यामुळे शेजारी बसणाऱ्याला निम्मे पत्ते दिसत होते, आणि 'हे त्याच्यासाठी आहे की त्याच्या विरोधकांसाठी?' असा प्रश्न मला विचारला गेला. आता दुसरी पट्टी केली आहे, तिची खाच खेळाडूच्या बाजूला कललेली आहे. खाली ट्यूबही लावली आणि लाकूडही सागवानाचेच घेतले, म्हणजे आपणा दोघांचाही मान राखला गेला. मोठ्या अंकांचे दोन कॅट आले. बोलीच्या पेट्या अजून वाटेत आहेत, तोवर 'तीन बदाम' चालूच आहे.