मदत हवी आहे: कुर्डीतलं आजीचं घर ड्रोनच्या फोटोत ओळखायचं कसं?

नमस्कार मंडळी,

माझं आजोळ कुर्डी, तालुका सांगे, गोवा. १९८०च्या दशकात साळावली धरणाचं पाणी चढलं आणि आजीचं बिऱ्हाड वालकिणीला आलं. मे महिन्यात पाणी ओसरलं की गाव वर येतो, सोमेश्वराचा उत्सव होतो, जुने गावकरी भेटतात. आजीही जायची. आता ती ८४ वर्षांची आहे आणि भेगाळलेल्या चिखलातून चालणं तिच्या गुडघ्यांना झेपत नाही. आपलं जोतं एकदा बघायचंय, एवढंच म्हणते.

भिंती मातीच्या होत्या, त्या केव्हाच विरघळल्या. चिऱ्याची (जांभ्या दगडाची) जोती, तुळशी वृंदावनं, माडांचे बुंधे तेवढे उरलेत. म्हणून गेल्या मेमध्ये मी माझा २५० ग्रॅमच्या आतला ड्रोन घेऊन गेलो. अकरा वाजता पोचलो, ९० मीटरवरून जमेल तसे ४२ फोटो काढले. घरी येऊन पाहतो तर सगळं सपाट, तांबडं. जोतं कुठलं आणि जमीन कुठली, काही कळेना. फोटो जोडून नकाशा करायला गेलो, तर सॉफ्टवेअरने निम्मे फोटो घेतलेच नाहीत. पाण्याच्या कडेला खाली आणला तेव्हा ड्रोन आपोआप सरकायला लागला, तेव्हा तर काळजात धस्स झालं.

आजीला घराची खूण विचारली, तर सांगते, "म्हादेवाच्या देवळाफाटल्यान, बांयलागीं," म्हणजे महादेवाच्या देवळामागे, विहिरीजवळ. विहिरी मला फोटोत तीन तरी दिसतात.

किती उंचीवरून, कोणत्या वेळी उडवू? परवानगीचं काय? आणि घर नेमकं कसं शोधू? या मेमध्ये जमायलाच हवं, पुढच्या वर्षाचा भरवसा मला नाही.

चिरेखाण:
अकरा वाजता गेलात तिथेच चुकलं. मेमध्ये गोव्यात भरदुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, सावली पडतच नाही. त्यात जोत्याचा चिरा आणि माती एकाच रंगाची. सहाच्या सुमारास उजाडतं, तेव्हा तिथे हजर राहा. सातच्या उन्हात फूटभर उंचीचं जोतंसुद्धा साडेचार फुटांची सावली टाकतं. वरून घरं आखल्यासारखी दिसतील. साडेसातनंतर ती मजा गेली.

उंची ४० मीटर ठेवा. नेहमीच्या १२ मेगापिक्सेल कॅमेऱ्यात एका पिक्सेलला साधारण दीड सेंटीमीटर जमीन येते, म्हणजे चिरा न् चिरा मोजता येईल. कॅमेरा सरळ खाली. नांगरटीसारखं ओळीने जायचं, दर ८-९ मीटरला एक फोटो, दोन ओळींत १७ मीटर. फोटो एकमेकांवर एवढे चढले तरच नकाशा जुळतो. एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स (फोटोचा उजेड आणि रंग) लॉक करा. पाण्यावर मात्र खालचे सेन्सर फसतात, तिथे दहा मीटरच्या खाली आणूच नका.

सांगेची माई:
बाळा, तुझ्यासारखा २५० ग्रॅमपर्यंतचा नॅनो ड्रोन हौसेखातर उडवायला २०२१च्या नियमांप्रमाणे पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. तरी नोंदणी करून घे आणि सरकारी नकाशावर जागा ग्रीन झोनमध्ये (वेगळ्या परवानगीशिवाय उडवता येतं अशा भागात) आहे ना, ते त्याच दिवशी बघ. धरणाच्या भिंतीकडे फिरकू नकोस. पोलीस ठाण्यात आणि जलस्रोत खात्यात आधी चिठ्ठी देऊन ठेव. उत्सवाच्या दिवशी तर नकोच, लोक देवाला आलेले असतात.

दुसरं. तू महादेवाचं देऊळ शोधतोयस, पण ते तिथे आहे कुठे? धरणामुळे गाव बुडणार म्हणून पुरातत्त्व खात्याने ते दगड न् दगड सोडवून धरणाजवळ नेऊन उभं केलं. तुझी आजी जुन्या जागेबद्दल बोलतेय. सोमेश्वर मात्र जागेवरच आहे. आजीला तिथून वाट विचार. भूमापन खात्यात पाणी भरण्याआधीचा गावचा सर्व्हे नकाशा मिळतो का, तेही विचार. त्यावर देवळाची जागा सापडली, तर तुझ्या तीन विहिरींतली एकच उरेल.

आणि फोटो मोबाइलवर दाखवू नकोस. मोठ्या कागदावर छाप आणि सोमेश्वर खालच्या बाजूला येईल असा तिच्यापुढे ठेव. देवळातून घरी जाताना ती जशी चालायची, तसा.

धागाकर्ता:
माई, देऊळ हलवलंय हे माहीत होतं, पण आजीच्या बोलण्याशी त्याचा संबंध मी लावलाच नव्हता. आत्ताच तिला सोमेश्वरापासून विचारलं. डोळे मिटून बोलायला लागली. पाणंद, मग कुणाच्या तरी काजूंचं कुंपण, मग एक ओहोळ, ओलांडला की उजवीकडे विहीर. ओहोळाचं हे मला पहिल्यांदाच कळलं. कोरड्या ओहोळाची रेघ सकाळच्या उन्हात वरून दिसेल का?

चिरेखाण:
दिसेल. ओहोळावरूनच पहिली ओळ सुरू करा.