तिळाच्या तेलाच्या गुळण्या : खरंच फायदा, का नुसतं खूळ?

शहापूरकर : तीन महिने झाले, रोज सकाळी उठल्या उठल्या करायलोय. घाण्याचं तिळाचं तेल एक चमचा तोंडात घ्यायचं, दातांतनं इकडून तिकडं फिरवायचं, १५ मिनिटांत पातळ होऊन दुधासारखं पांढरं झालं की थुकायचं. हिरड्यांतनं रक्त यायचं ते कमी झालं, तोंडाचा वास गेला, डोकंपण हलकं वाटतंय. अंगातलं विष बाहेर पडतंय त्याशिवाय का तेल पांढरं होतंय? आईला सांगितलं तर तिनं पेस्टच बंद केली, नुसतं तेल. चुकीचं काय आहे सांगा बरं.

निपाणीचा नाना : काय गा, बाटलीत पाणी नि तेल घालून हलव बघू, तेपण पांढरं होतंय, तिथं कुणाचं विष आलं? लाळ मिसळली की तेल बारीक बारीक थेंबांत फुटतं, एवढंच. आणि जुनं ते सगळं सोनं म्हणणाऱ्यांना माझा एकच प्रश्न. आमची आजी तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, हातानं चुरायची आणि ती मिसरी बोटानं दातावर घासत उंबऱ्यावर तासभर बसायची. आमच्या गल्लीत सगळ्या बायका तेच. परंपराच की तीपण! साठीच्या आत तोंडात तीन दात राहिले होते बिचारीच्या.

खानापूरची ताई : नाना, मिसरी आणि तेल एका तागडीत घालू नका हो. मिसरी कुठल्या ग्रंथात सांगितलीय? तेलाचं चरकसंहितेत आहे, सूत्रस्थान, ५ वा अध्याय. तेलाचा गंडूष, म्हणजे तोंडात तेल भरून धरणं, केला तर घसा कोरडा पडत नाही, ओठ फुटत नाहीत, दात मुळापासून घट्ट होतात, आंबट खाल्लं तरी शिवशिवत नाहीत. आमच्याकडं थंडीत ओठ कसे फुटतात ते इथं राहणाऱ्यालाच ठाऊक. आणि तुम्ही सगळे करताय तो गंडूष नाहीच, तो कवल, तोंडात फिरवता येतो तो. तोंड इतकं भरायचं की आत हलवता येत नाही, तो गंडूष. घड्याळ लावून १५-२० मिनिटं असलंही काही नाही, आयुर्वेदाचा दुसरा जुना ग्रंथकार वाग्भट म्हणतो तोंड कफानं भरेपर्यंत, नाहीतर नाकाडोळ्यांतनं पाणी येईपर्यंत.

दातवाली डॉक्टर (टिळकवाडी) : ताई, बरोबर. पण तोच अध्याय चार ओळी वर वाचा की! तिथं करंज, रुई, अर्जुन यांच्या काडीचं टोक चावून मऊ करून दिवसातनं दोनदा दात घासायला सांगितलंय, जीभसुद्धा खरवडायची. म्हणजे चरकानंच घासणं सोडायला सांगितलं नाही, ते आपल्या मोबाइलवरच्या व्हिडिओवाल्यांनी सांगितलं.
हिरड्यांना थोडा फरक पडू शकतो, मी नाही म्हणत नाही. २००९ साली चेन्नईच्या अभ्यासात तिळाच्या तेलानं हिरड्यांची सूज कमी झालेली दिसली, पण मुलं होती फक्त २०. एवढ्यावर कीड थांबते म्हणता येत नाही. अमेरिकेची दंतवैद्यांची संघटनासुद्धा याची शिफारस करत नाही. दातावर दगडासारखं बसलेलं कीट तेलानं निघत नाही आणि पेस्टमधलं कीड रोखणारं फ्लोराइड तेलात नसतं. करायचंय तर करा, पण ब्रशच्या जोडीला. आणि लहान मुलांना, ज्यांना गिळताना ठसका लागतो अशा म्हाताऱ्यांना अजिबात देऊ नका, तेल श्वासात गेलं की फुप्फुसाला सूज येते, तशा केस नोंदलेल्या आहेत.

वडगावची सून : विषय निघालाच आहे तर, ते तेल बेसिनमध्ये थुकू नका हो! आमच्या सासऱ्यांनी गेल्या थंडीत खोबरेल तेल सुरू केलं, पाइपात गोठून बसलं, भांडी घासलेलं पाणी उलटं वर आलं. कागदात थुकून कचऱ्यात टाका.

निपाणीचा नाना : 😂 हेच ते विष बघ शहापूरकर.

शहापूरकर : हसा हसा. डोकं हलकं वाटतंय त्याचं काय मग?

दातवाली डॉक्टर (टिळकवाडी) : १५ मिनिटं तोंड बंद ठेवून गप्प बसता ना रोज, त्याचंपण असेल 🙂 आईंना मात्र एकदा दाखवून घ्या.

शहापूरकर : दाखवलं. दाढेला चांगलंच भोक पडलंय म्हणे, वरनं दिसतच नव्हतं, दोन महिने ती एकाच बाजूनं जेवत होती आणि मला पत्ता नाही. आता दोन्ही वेळा ब्रश करतीया, कुरकुरत. माझं तेल चालूच राहणार, हिरड्यांचं रक्त थांबलंय ते खोटं नव्हे. तेलवाल्याकडं 'एळ्ळेण्णी' (कानडीत तिळाचं तेल) म्हणून मागितलं तर न विचारता अर्धा लिटरच भरून देतोय आता. आणि वडगावच्या वहिनी, तुमचा पाइप कुणी मोकळा करून दिला तेवढा नंबर मेसेज करा जरा.