मदत हवी आहे: एन्क्रिप्टेड डिस्क इमेजमधली मोकळी जागा चुकीची दिसते

नमस्कार मंडळी,

लिनक्सवर मी 200 जीबीची एक स्पार्स फाइल (जेवढे भरेल तेवढीच जागा घेणारी) तयार करून तिच्यात लक्स-2 एन्क्रिप्शन आणि आत एक्स्ट-4 फाइलसिस्टीम ठेवली आहे. ही इमेज ज्या मूळ डिस्कवर आहे तिची फाइलसिस्टीम बीटीआरएफएस असून तिचे रोज स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या गोठवलेल्या प्रती) घेतले जातात. (खालचे सगळे आकडे 1024 च्या हिशेबाने आहेत.)

परवा इमेजमध्ये फाइली कॉपी करताना अचानक इनपुट-आउटपुट एरर आली आणि आतली फाइलसिस्टीम रीड-ओन्ली झाली. त्या वेळी आत 'डीएफ' (फाइलसिस्टीममधली मोकळी जागा दाखवणारी आज्ञा) चालवले तर एकूण 196, वापरलेली 61 आणि उपलब्ध 125 जीबी असे दिसत होते. बेरजेत कमी पडणारे 10 जीबी म्हणजे एक्स्ट-4 रूटसाठी (प्रशासक खात्यासाठी) राखून ठेवते ते 5 टक्के, हे मला माहीत आहे. त्याबद्दल तक्रार नाही. घोळ निराळाच निघाला. बाहेरून 'डीयू'ने (फाइलीने प्रत्यक्ष व्यापलेली जागा दाखवणाऱ्या आज्ञेने) पाहिले तर इमेज फाइलने 148 जीबी व्यापले होते आणि मूळ डिस्कवर जेमतेम काही एमबी उरले होते. म्हणजे आतल्या फाइलसिस्टीमला बाहेर जागा संपल्याचा पत्ताच नव्हता, आणि आत पुसलेल्या फाइलींचे ब्लॉक बाहेर तसेच अडकून पडले होते.

बाहेरच्या काही फाइली हलवून 9 जीबी मोकळे केले, इमेज बंद करून 'ई-टू-एफएसचेक' (फाइलसिस्टीम तपासणारे साधन) चालवले आणि मग 'एफएसट्रिम' (रिकामे ब्लॉक खालच्या डिस्कला कळवणारी आज्ञा) करून पाहिले. त्यावर डिस्कार्डची (रिकामे ब्लॉक सोडून देण्याची) सोय नाही असे उत्तर आले. क्रिप्टसेटअप (लक्स इमेज उघडणारे साधन) ही मुभा आपणहून देत नाही, हे मला तेव्हा कळले. 'अलाउ-डिस्कार्ड्स' पर्याय देऊन इमेज पुन्हा उघडल्यावर ट्रिम झाले आणि 'डीयू'चा आकडा 148 वरून 65 वर आला. इथपर्यंत ठीक, पण मूळ डिस्कवरची मोकळी जागा अजूनही 9 जीबीच आहे, त्यात तसूभरही वाढ झालेली नाही.

माझा संशय स्नॅपशॉटवर आहे: इमेज फाइलीत छिद्रे (सोडून दिलेल्या रिकाम्या जागा) पडली तरी जुने ब्लॉक जुन्या स्नॅपशॉटकडून धरलेले असल्यामुळे ते मोकळे होत नसावेत. हे बरोबर असेल, तर जुने स्नॅपशॉट काढण्यावाचून दुसरा काही मार्ग आहे का? आणि यापुढे ही इमेज वेगळ्या सबव्हॉल्यूममध्ये (बीटीआरएफएसमधल्या स्वतंत्र विभागात) ठेवली, तर एवढ्याने ती स्नॅपशॉटमधून वगळली जाईल ना?

दुसरी शंका अशी की डिस्कार्ड कायम चालू ठेवल्यास कोणते सेक्टर रिकामे आहेत हे बाहेरून ओळखता येते. मजकूर वाचता येत नसला तरी, आत साधारण किती माल भरला आहे हे कळावे, अशी माझी इच्छा नाही. अशा वेळी महिन्यातून एकदा हाताने ट्रिम करणे बरे, की स्पार्सचा नाद सोडून 200 जीबी आधीच पूर्ण भरून घेणे?

कुणी हे निस्तरले असेल तर कृपया आपली मांडणी सांगावी. स्नॅपशॉट मी अजून काढलेले नाहीत. उत्तर येईपर्यंत थांबतो.