आधी रॅम तपासा, मग पेनड्राइव्ह

भाऊ, लिनक्स टाकताना तुमचा जुना पीसी दर वेळी वेगळ्याच टक्क्याला अडकतो आणि तुम्ही इन्स्टॉलचा पेनड्राइव्ह तिसऱ्यांदा बनवताय? थांबा जरा. एकाच जागी अडकला असता तर मीही पेनड्राइव्हवरच संशय घेतला असता. जागा बदलतेय म्हणजे रॅम, नाहीतर तापमान.

माझा भुसावळचा पीसीचा डबा असाच होता. मे महिन्यात, पत्र्याची खोली, दुपारी कॅबिनेटला हात लावायची सोय नाही. झाकण उघडलं तर प्रोसेसरच्या पंख्याखाली धुळीची गोधडी! ती काढली, प्रोसेसरची उष्णता पंख्याकडे नेणारी थर्मल पेस्ट नवी लावली, रॅमची सोनेरी धार खोडरबराने घासली. तरी अडकलाच. मग रॅम तपासणारं मेमटेस्ट८६+ रात्रभर चालवलं. सकाळी पाहतो तर चुकांच्या लाल ओळीच ओळी. रॅमच्या दोन पट्ट्या एकेक करून तपासल्या, एक बाद निघाली. उरलेल्या ४ जीबीवर लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती पहिल्या झटक्यात बसली.

विंडोज ११ चा नाद सोडा, त्याला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते, जुन्या पीसीत ती बहुधा नसते. १० चा नेहमीचा सपोर्ट तर १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला.

आणि हो, डेटा त्याच पीसीवरून कॉपी करू नका. खराब रॅममधून जाताना फाइलही बिघडते. हार्डडिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावा.