दुरावा कथेत नेमका कुठे यावा?

अलीकडच्या प्रेमकादंबऱ्यांत शेवटच्या चतुर्थांशात येणारा दुरावा एका फोनने मिटेल इतका पोकळ असतो, असा आक्षेप घेतला जातो आणि त्याचा दोष ठरलेल्या सुखान्ताला दिला जातो. हा आक्षेप मला बव्हंशी पटतो, मात्र त्याचे खापर सुखान्तावर फोडणे मला मान्य नाही. या प्रकारात शेवट आशादायक असणे हे गृहीतच असते, त्यामुळे 'जमेल की नाही' यापेक्षा 'कशामुळे अडले होते' या प्रश्नातच कादंबरीचा कस लागतो.

या संदर्भात अमेरिकी लेखिका एमिली हेन्री यांच्या 'हॅपी प्लेस' (2023) या प्रेमकादंबरीचा उल्लेख करायला हवा, असे वाटते. हॅरिएट आणि विन यांचे नाते कथा सुरू होण्यापूर्वीच तुटलेले आहे, आणि मित्रमंडळींसोबतच्या सुट्टीत ती दोघे अजून एकत्र असल्याचे भासवत राहतात. गतकाळाची प्रकरणे मध्ये पेरलेली असल्याने दुराव्याचे कारण थोडे थोडे उलगडते: वडिलांच्या मृत्यूनंतर खचलेला विन आणि कुणालाही न दुखवण्याच्या सवयीपायी स्वतःचे दुःख गिळणारी हॅरिएट. इथे गैरसमज आहे, पण तो दोघांच्या स्वभावातून उगवलेला असल्यामुळे एका फोनने मिटणारा नाही, आणि म्हणूनच तो मला आतून हलवून गेला. हॅरिएटने अखेरीस शल्यचिकित्सेचे प्रशिक्षण सोडून कुंभारकामाकडे वळणे मात्र मला घाईचे वाटले; इतक्या मोठ्या निर्णयाला आणखी काही प्रकरणे मिळायला हवी होती.